कॉलनीचा कल

मुलांनो, वाचता वाचता जरा थांबा आणि कान द्या. तुमच्या घरात आत्ता काय काय चालू आहे? डोक्यावर पंखा असेल. स्वयंपाकघरात फ्रीज मधूनच घुरघुरत असेल. आता अशी कल्पना करा, की तुम्हाला कोणी काही विचारलेलं नाही, तुम्हीही कोणाला काही सांगितलेलं नाही, तरी तुमच्या घराचं मत मुंबईला पोहोचलेलं आहे. कोणी पोहोचवलं? त्या पंख्यानं आणि त्या फ्रीजनं.

जमलं? मग माझ्याबरोबर आणखी वीसेक वर्षं पुढे चला आणि विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात उतरा. तिथे एक औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि वाफेनं चाक फिरवून वीज काढायची, हे त्याचं काम. पूर्वी त्याचे पाच संच, म्हणजे युनिटं, धडधडायची. चार बंद झाले, आता पाचवा तेवढा चालतो. केंद्राच्या फाटकाबाहेर कामगारांची सहाशे चाळीस क्वार्टरांची कॉलनी आहे. त्यातल्या सी-सतरामध्ये शर्वी निखाडे राहते. ती सातवीत आहे. तिचे बाबा दिवाकर कोल मिलवर काम करतात. दगडाएवढा कोळसा दळून तोंडाला लावायच्या पावडरीइतका मऊ करायचं ते यंत्र. बावीस वर्षं त्याच्या गडगडाटात काढल्यामुळे बाबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. घरात आई आहे आणि चार वर्षांचा बिट्टू. बिट्टूला दम लागतो. रोज संध्याकाळी त्याच्या नाकावर वाफेचं मशीन धरावं लागतं.

आता घराघरातल्या विजेच्या मीटरचं समजून घेऊ.

जिन्यावर पावलं वाजली, की बाबा आले की शेजारच्या काकू, हे तुम्ही दार न उघडता ओळखता. प्रत्येकाच्या पावलाची एक चाल असते. यंत्रांचंही तसंच आहे. पंखा आधी थोडी जास्त वीज ओढतो आणि मग एकसारखी पीत राहतो. मिक्सर एकदम हिसका देतो. फ्रीज थोडा वेळ जागा होतो, पुन्हा झोपतो. विजेची शेगडी सगळ्यात सरळ, लावली की उभा चढ आणि बंद केली की उभा उतार. या सगळ्या चाली घरात येणाऱ्या एकाच तारेत मिसळतात. जुन्या मीटरला नुसती बेरीज कळायची. नव्या मीटरला एकेक चाल वेगळी काढता येऊ लागली.

इथवर सगळं साधं आहे. पुढची गोष्ट माणसांच्या स्वभावाची. त्याआधी बरीच वर्षं सरकार लोकांना विचारत असे, "कोळसा बंद करायचा का?" शंभरातली ऐंशी माणसं "हो" म्हणायची. मग सरकारनं खरंच दोन केंद्रं बंद केली, संध्याकाळी एसी बंद ठेवायची विनंती केली, आणि त्याच ऐंशी जणांनी पुढच्या निवडणुकीत ते सरकार घरी बसवलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मंत्र्यानं धसका घेतला. लोक बोलतात एक आणि वागतात दुसरं, मग ऐकायचं कोणाचं?

यावर काही हुशार शास्त्रज्ञांनी तोडगा काढला: बोलणं सोडा, वागणं मोजा. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सूर्य नसतो आणि मागणी मात्र सगळ्यात जास्त असते. कोळशाची खरी गरज तेव्हाच लागते. त्या दोन तासांत कमी वीज वापरा, एवढं आवाहन बिलावर कायमचं छापलेलं असे. जे घर ते पाळतं ते बदलाला तयार, जे पाळत नाही ते तयार नाही. वर्षातून एक आठवडा सगळ्या मीटरांचं वाचन होई. कोणता आठवडा, हे गुप्त असे, म्हणजे कोणी देखाव्यापुरतं वागणार नाही. शंभरातली किती घरं तयार, या आकड्याला 'कल' म्हणत. सहा वर्षं ही पद्धत फार चांगली चालली, हेही मी तुम्हाला सांगितलं पाहिजे. आरडाओरडा करणाऱ्यांचं महत्त्व गेलं. मंत्र्यांना खोटं बोलता येईना. फक्त एक झालं, की कोणी कोणाला काही विचारेनासं झालं. गरजच उरली नव्हती.

कॉलनीचा कल दरवर्षी अकरा-बारा टक्के यायचा, राज्यात सगळ्यात खाली. यात नवल नाही. वीज तिथेच बनायची, क्वार्टरांना जवळजवळ फुकट मिळायची, आणि पंखे चोवीस तास फिरायचे.

पण कॉलनीची एक रीत होती. केंद्राचा संच अचानक बंद पडला, की भोंगा व्हायचा. बंद पडलेला संच पुन्हा सुरू करायला आधी बाहेरून वीज घ्यावी लागते, पंप चालवायला, मिल फिरवायला. वीज बनवायलाही वीज लागते. म्हणून भोंगा ऐकला की कॉलनीतलं प्रत्येक घर आपणहून सगळी बटणं बंद करायचं, आणि ड्यूटी नसलेले लोकही केंद्राकडे धावायचे. ही तीन पिढ्यांची सवय होती. केंद्रात कोणी कामगार दगावला, तरी कॉलनी तासभर काळी राहायची. कॉलनीच्या भाषेत अंधाराचा अर्थ एकच होता: आम्ही केंद्राच्या पाठीशी आहोत.

जानेवारीत बातमी फुटली. पाचव्या संचाचे दोन प्रस्ताव मंत्रालयात होते. पहिला टप्प्याटप्प्याचा. संच दोन वर्षं चालवायचा, तेवढ्यात त्याच आवारात दिवसाची सौरऊर्जा साठवणारं बॅटरीघर उभारायचं आणि याच कामगारांना शिकवून तिथे घ्यायचं. दुसरा तत्काळचा. तीन महिन्यांत संच बंद, बॅटरीघर दूर मराठवाड्यात सौर शेतांजवळ, आणि कामगारांच्या बदल्या जिथे जागा मिळेल तिथे. शर्वीच्या दृष्टीनं गोष्ट इतकीच होती, की पहिल्यात कॉलनी राहणार होती आणि दुसऱ्यात नाही.

युनियनचे गेडाम काका क्रिकेटच्या मैदानावर स्टुलावर उभे राहिले. "सोमवारपासून सात दिवस, सात ते नऊ, कॉलनी काळी! एक बल्ब पेटला नाही पाहिजे. पाहू दे साऱ्या महाराष्ट्राले, या युनिटसाठी आम्ही काय करू शकतो!"

"फ्रीज पण?" कोणीतरी विचारलं.

"फ्रीज पण. तुझं दही नासलं तं माझ्या घरून नेजो."

लोक हसले. हसण्याची ती शेवटचीच वेळ, पण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

पहिले दोन दिवस मुलांना मजा वाटली. सी-सतरामध्ये बिट्टूचं वाफेचं मशीन तेवढं चालू ठेवायची परवानगी होती. बुधवारी त्या मशीनची घरघर ऐकत शर्वी पलंगावर बसली होती. त्याच आठवड्यात शाळेत झाडे सरांनी फळ्यावर मीटरच्या चाली काढून दाखवल्या होत्या. तिनं मनातल्या मनात आपल्या घराची रेघ काढली. सात वाजता उभा उतार. मग सपाट रेघ, तिच्यावर मशीनची एक छोटीशी टेकडी. नऊ वाजता पुन्हा उभा चढ. मग तिनं ती रेघ मीटरच्या जागी बसून वाचली. सात ते नऊ. घरात माणसं आहेत, कारण मशीन चालू आहे. माणसं असून सगळं बंद.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "याच आठवड्यात वाचन असलं तर?"

"कशाचं?"

"कलाचं. मीटरला वाटेल, आपण म्हणतोय कोळसा नको. आत्ताच बंद करा."

अंधारात बाबांचा चेहरा दिसत नव्हता. "मीटरले आपलं काय माहीत बेटा? सगळ्यांना माहीत आहे, कॉलनी काळी काहून होते ते."

"सगळ्यांना म्हणजे कॉलनीतल्यांना."

आई म्हणाली, "अहो, जाऊन या ना गेडाम भाऊजींकडे. पोरगी म्हणते त्यात..."

बाबा आणि शर्वी गेले. गेडाम काका ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि शर्वीच्या डोक्यावर थापटी मारली. "हुशार आहे हो दिवाकर, तुझी पोरगी. पण बाई, तिसऱ्या दिवशी बत्त्या लावल्या तं लोक म्हणतील, फुटले कॉलनीवाले. आणि वाचन नेमकं याच आठवड्यात? बावन्न आठवडे आहेत वर्षात." मग ते बाबांकडे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. बाबांना ते ऐकू आलं नाही. शर्वीला आलं. ते म्हणाले होते, "बायकापोरांचं ऐकून युनियन चालत नाही."

गुरुवारी सव्वासातला आई बिट्टूला घेऊन मागच्या अंगणात होती आणि बाबा फाटकावर. शर्वी स्वयंपाकघरात शेगडीच्या बटणाजवळ उभी राहिली. एक शेगडी, एक गिझर, तीन पंखे. एवढं लावलं तर निदान एका घराची रेघ खरं बोलली असती. पण त्या शांततेत पंख्यांचा आवाज बाहेर ऐकू गेला असता, आणि उद्यापासून बाबा कॉलनीत फितूर ठरले असते. तिनं बोट बटणावर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग काढून घेतलं.

वाचन त्याच आठवड्यात होतं.

महिन्याभरानं कल जाहीर झाला. कॉलनी: चौऱ्याण्णव टक्के. राज्यात पहिली. अकराचे एकदम चौऱ्याण्णव कसे, म्हणून अधिकाऱ्यांनी दोनदा तपासलं. घरात माणसं होती का? होती. वीज गेली होती का? नव्हती. त्या चौऱ्याण्णव टक्क्यांतल्या एकाही घरानं आठवडाभर नेम मोडला नव्हता. इतका स्वच्छ कल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. मंत्री टीव्हीवर म्हणाले, "ज्यांचं पोट कोळशावर, त्यांनीच कोळशाला निरोप दिला." तोवर शहरांतली माणसं घुटमळत होती, कामगारांच्या पोटावर पाय कसा द्यायचा म्हणून. आता ती अडचण उरली नाही. आम्हीही मागे राहणार नाही, असे फलक नागपुरात लागले. निवडणूक आठ महिन्यांवर होती. दोन्ही पक्षांनी तत्काळच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. विरोधी पक्षाची तर तक्रार होती, की तीन महिने तरी कशाला?

कॉलनीत कोणी रडलं नाही. मला हे सांगताना जड जातं, पण खरंच कोणी रडलं नाही. जो तो नेहमीसारखा ड्यूटीवर गेला. बाबा डब्यातली भाजी कोणती होती हे घरी आल्यावर सांगू शकत नव्हते. आईनं माळ्यावरच्या पेट्या काढून पुसल्या आणि रिकाम्याच ओळीनं मांडून ठेवल्या. शर्वीला वाटायचं, आपल्याला राग यायला हवा. ती रागाची वाट पाहायची. कानात पाणी गेल्यावर सगळं जसं लांबून ऐकू येतं, तसं काहीतरी तिला झालं होतं. वर्गात बाक रिकामे होऊ लागले, तेव्हाही ती नुसती मोजत राहिली.

एका रविवारी सकाळी आमडीच्या बायका आल्या. आमडी हे गाव केंद्राच्या राखतळ्याला लागून आहे. जळलेल्या कोळशाची राख पाण्याबरोबर तिथे सोडतात. उन्हाळ्यात तळं सुकलं, की वाऱ्याबरोबर ती राख आमडीच्या अंगणात, कपाशीत, पिण्याच्या घागरीत येते. चाळीस वर्षं येत होती. त्या पंधरावीस जणी दोन मोठे डबे भरून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन आल्या होत्या. पुढे शांताबाई वाढई नावाच्या म्हाताऱ्या मावशी होत्या.

"आमाले वाटे, तुमाले आमची पर्वा नाही," त्या गेडाम काकांना म्हणाल्या. "गावात म्हणत, ते कॉलनीवाले फुकटच्या लायटीत बसतात, त्यांले काय होय! आम्ही चुकलो बापा. सात दिवस अंधारात बसले तुम्ही आमच्यासाठी."

गेडाम काकांनी तोंड उघडलं. शर्वी बघत होती. त्यांच्या हातात वडी होती. मग ते म्हणाले, "खा ना मावशी, तुम्ही पण घ्या."

सगळ्यांनी वड्या खाल्ल्या. शांताबाईंनी बिट्टूला मांडीवर घेतलं आणि त्याच्या छातीला कान लावला. "याले पण आहे काय वं?" त्यांनी आईला विचारलं. "माझ्या नातीले होतं." 'आहे' नाही, 'होतं' म्हणाल्या. आईनं मान हलवली आणि आत निघून गेली.

तत्काळचा प्रस्ताव मंजूर झाल्यापासून कलावर हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवसांची होती. कायद्यात तशी सोय ठेवलेली होती, पण सहा वर्षांत कोणी ती वापरली नव्हती. दहा दिवस गेले तरी कॉलनीतून एकही हरकत गेली नाही. काय म्हणून जाणार? सगळा देश कौतुक करत होता. आमडीच्या बायका वड्या खाऊ घालून गेल्या होत्या. तो अंधार तुमच्यासाठी नव्हता, आमच्या युनिटसाठी होता, हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

अकराव्या दिवशी शर्वीनं झाडे सरांना विचारलं, "सर, हरकत कोण घेऊ शकतं?"

"त्या मीटरच्या घरात राहणारं कोणीही. दहा वर्षांवरचं." सरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यांचीही बदली ठरली होती. "अट एकच आहे. घरातल्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं, खाली त्याची सही. एक-तृतीयांश घरांचं म्हणणं कलाशी जुळलं नाही, तर वाचन रद्द होतं. मग प्रत्येक घराला तोंडी विचारावं लागतं."

"एक-तृतीयांश म्हणजे दोनशे चौदा."

"हो. चार दिवसांत." सरांनी कागद तिच्या हातात दिला. "आणि बेटा, लोकांनी काय म्हणायचं ते तू सांगायचं नाहीस. नाहीतर तुझ्यात आणि मीटरमध्ये फरक काय?"

घरी आली तेव्हा बाबा पहिल्या पाळीहून परतले होते. ओसरीवर खुर्चीत बसून समोरच्या केंद्राच्या चिमणीकडे पाहत होते. शर्वी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"बाबा, युनिट पाचबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"काय?"

तिनं मोठ्यानं पुन्हा विचारलं.

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं परक्या भाषेत काही म्हटलं. "मला?" ते म्हणाले. "मला कुठं कोणी..."

शर्वीला खूप बोलावंसं वाटत होतं. म्हणा ना बाबा, की दोन वर्षं द्या. म्हणा, की आमची चूक झाली. पण तिनं ओठ मिटून घेतले. आतून बिट्टूच्या मशीनची घरघर येत होती. चिमणीतून थोडासा धूर निघत होता आणि आमडीच्या बाजूला झुकत होता. शेजारच्या अंगणात कोणीतरी गादी झटकली.

"बंद व्हायलाच पाहिजे," बाबा म्हणाले.

सर म्हणाले होते ते आठवून शर्वीनं लिहिलं: बंद व्हायलाच पाहिजे.

"दहा वर्षांपूर्वीच व्हायले पाहिजे होतं. त्या म्हातारीनं बिट्टूच्या छातीले कान लावला नं, त्या दिवशीपासून मले मिलचा आवाज सहन नाही होत." बाबांचा आवाज सपाट होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "पण मी बावीस वर्षं चालवली. बंद करताना माझा हात पाहिजे. दोन वर्षं द्या मले. दुसरं काम शिकवा. अन् आम्ही अंधार केला तो या युनिटसाठी केला होता, आमडीसाठी नाही. हे पण लिही. खोटं कौतुक खाल्लं आम्ही."

"दोन्ही लिहू?"

"दोन्ही."

"बाबा, ते एकमेकांच्या उलट आहे."

"मंग?" बाबा म्हणाले. "आहे तं आहे."

शर्वीनं सगळं लिहिलं, ज्या क्रमानं ते बोलले त्याच क्रमानं. 'अन्' च्या जागी 'आणि' केलं नाही, काही खोडलं नाही. बाबांनी खाली सही केली. सही करताना त्यांचा हात कागदावर जास्तच दाबला गेला आणि कागदाला एक छोटं भोक पडलं. मग ते हळूहळू, आवाज न करता रडू लागले. आई दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "माझं पण लिही. माझं तुझ्या बाबांसारखं नाही आहे."

शर्वीनं आईचंही लिहून घेतलं. मग पायात चपला सरकवल्या, कागद छातीशी धरले, आणि सी-अठराची बेल वाजवली. दार उघडलं गेडाम काकांनी. ती काही समजावायला गेली नाही. खाली बसली, कोरा कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"